विंचूरच्या मुक्कामीं : एका चिजेची चाल

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्हांस विंचुरास जाण्याचा योग आला. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरास जाणारा रस्ता निफाड ओलांडून येवल्याकडे निघाला कीं वाटेंत हें गांव लागतें. आगगाडीनें येणारांस लासलगांवचें स्टेशन सोयीचें. आमचे एक चुलते तेथें वडिलोपार्जित घरांत राहतात. वय ब्यायशीं वर्षांचें, पण आवाज अद्यापि खणखणीत. त्यांचा निरोप आला कीं, "दोन दिवस ये. घरांत एक कज्जा उभा राहिला आहे, त्याचा निकाल लागत नाहीं." कज्जा म्हटल्यावर तो शेताच्या बांधाचा किंवा भाऊबंदांच्या वाटणीचा असेल असें आम्हांस वाटलें. प्रत्यक्षांत तो निघाला एका गाण्याच्या चालीचा!

नाशिक सोडतांना पावसाची संततधार होती. पश्चिमेस त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर मेघ मनसोक्त रिते होतात आणि पूर्वेकडे सरकतांना त्यांचा हात आखडतो. निफाडच्या पुढें पाऊस मोजूनमापूनच पडतो. रस्त्याच्या दोहों अंगांस द्राक्षांचे मांडव, मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें आणि वस्तीवस्तीला जाळीच्या भिंतींच्या कांदाचाळी. उन्हाळी कांदा या चाळींत वारा खात पावसाळाभर राहतो आणि भाव पाहून थोडाथोडा बाजारांत जातो. लासलगांवचा कांदाबाजार सर्वश्रुतच आहे. विंचूर हा त्याचाच उपबाजार. गांवाजवळ द्राक्षांपासून मद्य करण्याचे कारखाने उभारण्यासाठीं सरकारनें खास जागा राखून ठेविली आहे. आमच्या काकू मात्र त्या जागेचा उल्लेख 'ती द्राक्षांची गिरणी' एवढाच करतात.

मराठ्यांच्या इतिहासांत विंचूर हें नांव गाजलें तें विंचूरकर सरदारांमुळें. या घराण्याचे पराक्रमी पुरुष विठ्ठल शिवदेव हे पेशवाईंतील मातबर सरदार. १७६१ सालच्या पानिपतच्या रणांतून जे सुखरूप परतले त्यांत ते होते. पुण्याचा विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांच्या १८९४ सालच्या गणेशोत्सवामुळें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाला. तो वाडाही याच घराण्याचा. पण त्या दिवशीं आमच्या मनांत घोळत होती ती विठ्ठल शिवदेवांची एक निराळीच कामगिरी. अठराव्या शतकाच्या मध्यास ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला तो त्यांच्या मोहिमेनें. तेंच ग्वाल्हेर पुढें शिंद्यांच्या आश्रयाखालीं ख्यालगायनाचें माहेरघर झालें, आणि त्या परंपरेची विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं मोठ्या कष्टानें महाराष्ट्रांत आणिली. तलवार इकडून तिकडे गेली आणि गाणें तिकडून इकडे आलें. बाळकृष्णबुवांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं आपल्या उत्तरायुष्यांत नाशिकास पंचवटींत रामनामाचा आश्रम स्थापन केला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्मही याच जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. म्हणजे रागदारी आणि सिनेमा हे दोन्ही प्रवाह आमच्या जिल्ह्यास परके नाहींत. त्यांचा संगम होतांना मात्र कोणाचें पाणी कोणतें, असा तंटा कधीं कधीं घराघरांत होतो.

घरीं पोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. वाड्याची ओसरी पूर्वीसारखीच, पण एक गोष्ट खटकली. काकांची नात संध्याकाळीं तंबोरा घेऊन बसे, तो भिंतीशीं गवसणींत उभा होता. मुलगी सोळा वर्षांची, गळा गोड, आजोबांनीं लहानपणापासून शिकविलेली. तिनें येऊन नमस्कार केला, पाणी आणून दिलें आणि निमूटपणें आंत निघून गेली.

"महिना झाला, हात लावीत नाहीं तंबोऱ्याला," काकू हळूच म्हणाल्या.

हकीकत अशी होती. आषाढांत परगांवीं कोठेंशी शास्त्रीय गायनाची चढाओढ होती. विषय पावसाळी रागांचा. मुलीनें गौडमल्हार निवडला आणि आजोबांनीं दिलेली 'गरजत बरसत' ही चीज म्हटली. ती संपतांच परीक्षकांपैकीं एकानें सर्वांसमक्ष विचारलें, "बाळ, शास्त्रीय स्पर्धेंत सिनेमाचें गाणें कां म्हटलेंस?" लोक हंसले. मुलगी उतरून आली ती रडतच. घरीं येऊन तिनें आजोबांस एकच प्रश्न केला, "आजोबा, तुम्ही मला सिनेमाचें गाणें शिकवलंत?" काकांचा संताप अनावर झाला. त्यांचें म्हणणें, चीज आपली, सिनेमावाल्यांनीं ती चोरली. मुलीच्या वडिलांचें म्हणणें, राग कोणाच्या मालकीचा नसतो, त्यामुळें चोरीचा प्रश्नच येत नाहीं. काकूंचें म्हणणें, दोघेही ओरडतां, पोरीचें काय? आणि निकाल देण्यास पाचारण केलें तें आम्हांस. आमचें ज्ञान तें काय, तर ऐकून ऐकून झालेलें!

रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर बैठक बसली. बाहेर पावसाची भुरभुर सुरू होती. प्रथम काकांनीं ती चीज म्हणून दाखविली. ब्यायशींव्या वर्षीं श्वास पुरत नाहीं, पण जागा पक्क्या होत्या. गौडमल्हार हा दोन अंगांचा राग. 'रे ग रे म ग रे सा' अशी वळणें घेत तो गौडाची ओळख देतो, आणि 'म रे प' अशी उडी घेऊन मल्हाराची. दोन्ही निषादांचा खेळ त्यांत आहेच. वरच्या षड्जाकडे चढतांना ढग दाटून आल्यासारखें वाटतें आणि 'म ग रे' वरून उतरतांना सर यावी तसें. काकांची चीज तीनतालांतली, मध्य लयीची. 'गरजत बरसत' या दोन शब्दांचा मुखडा समेवर असा येऊन आदळतो कीं, एकदां ऐकिलेला माणूस तो विसरत नाहीं.

मग मुलीच्या वडिलांनीं आपल्या मोबाईलवर १९६० सालच्या 'बरसात की रात' या चित्रपटांतील गाणें लावलें. सुमन कल्याणपूर व कमल बारोट यांचे आवाज, साहिर लुधियानवींचे शब्द, रोशन यांचें संगीत. आरंभीं तेच दोन शब्द, तोच राग, मुखड्याची तीच ठेवण. पुढील शब्द मात्र निराळे. मध्यें वाद्यांचे तुकडे आहेत, दोन आवाजांची देवघेव आहे, आणि सारा मामला थोडक्या मिनिटांत आटोपता घेतलेला आहे. काका मांडीवर ताल धरून ऐकत होते. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र जात नव्हती.

"आतां हें ऐका," असें म्हणून आम्ही दुसरें गाणें लावावयास सांगितलें. हें १९५१ सालच्या 'मल्हार' नांवाच्या चित्रपटांतलें. आवाज लता मंगेशकरांचा, संगीत पुन्हां रोशन यांचेंच. हें ऐकतांच काका ताठ बसले. येथें नुसता मुखडाच नव्हे, तर चिजेचे शब्दही बहुतेक जसेच्या तसे होते. आंतल्या दारांत कोणी तरी येऊन उभें राहिल्याची चाहूल आम्हांस लागली. पण आम्ही तिकडे पाहिलें नाहीं.

म्हणजे वस्तुस्थिति अशी ठरली. एकाच संगीतकारानें एकच जुनी चीज नऊ वर्षांच्या अंतरानें दोनदां वापरली. पहिल्यानें ती जवळजवळ मूळ रूपांत ठेविली. दुसऱ्यानें तिचा मुखडा घेऊन पुढील इमारत नवी बांधिली. उसनवारी झाली कीं नाहीं, हा प्रश्न येथेंच संपतो. झाली, आणि ती उघड आहे. परंतु उसनवारी आणि चोरी या एकच गोष्टी आहेत काय?

याचा विचार करण्यापूर्वीं ही चीज रोशन यांच्यापर्यंत कोणत्या वाटेनें गेली असेल तें पाहिलें पाहिजे. रोशनलाल नागरथ हे १९१७ सालीं पंजाबांत गुजरांवाला येथें जन्मले. त्यांचें शिक्षण झालें लखनौच्या मॅरिस कॉलेजांत. हें कॉलेज १९२६ सालीं ज्यांच्या प्रयत्नानें उघडलें ते पं. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, आपले मराठी. घराण्याघराण्यांत कुलुपांत असलेल्या चिजा उस्तादांकडून मिळवून, त्यांचें स्वरलेखन करून, 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्यांनीं त्या सर्वांस खुल्या केल्या. रोशन यांचे गुरु पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हेही मुंबईचे, आणि भातखंड्यांचे पट्टशिष्य. तेव्हां लखनौस बसून एक पंजाबी तरुण रागदारी शिकला, ती मराठी गुरूच्या मुखांतून. त्याच्या गळ्यांत मल्हाराच्या जुन्या चिजा बसल्या असल्यास नवल तें काय? ज्यानें विद्या चोरून नव्हे तर गुरूपुढें बसून घेतली, त्यास चोर म्हणणें आम्हांस तरी जड वाटतें.

"तो शिकलेला होता, हें मान्य," काका म्हणाले, "पण मग सांगायचं होतं ना, ही जुनी चीज आहे म्हणून!"

काकांच्या या एका वाक्यांत साऱ्या वादाचें बीज आहे. गाण्याच्या तीन वस्तु वेगळ्या केल्यावांचून याचा निर्णय लागणार नाहीं. पहिली राग. राग हा भाषेसारखा आहे. त्यांत बोलण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. पावसाचीं शेंकडों गाणीं मल्हाराच्या प्रकारांत बांधलीं गेलीं. केवळ तेवढ्यावरून त्यांवर उसनवारीचा आरोप करणें व्यर्थ होय. दुसरी वस्तु चीज, म्हणजे विशिष्ट शब्द, विशिष्ट मुखडा, समेवर येण्याची विशिष्ट तऱ्हा. ही कोणा एका बुद्धीची निर्मिति असते. मूळ कर्त्याचें नांव काळाच्या ओघांत पुसलें गेलें तरी कर्ता नव्हता असें होत नाहीं. तिसरी वस्तु म्हणजे मांडणी : वाद्यें, आवाज, विस्तार, प्रसंग. १९६० च्या गाण्यांत पहिली वस्तु सर्वांची, दुसरी जुन्या अनामिकाची, आणि तिसरी निःसंशय रोशन यांची. मुलीचे वडील पहिलीकडे बोट दाखवीत होते, काका दुसरीकडे, आणि स्पर्धेंतील परीक्षकांस दिसली ती केवळ तिसरी! आंधळ्यांनीं हत्ती चाचपावा तशांतलाच हा प्रकार.

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रश्न सोपा आहे. १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याप्रमाणें आज आपल्या देशांत कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. पिढ्यान्पिढ्या तोंडीं चालत आलेल्या, कर्ताच ठाऊक नसलेल्या चिजेवर कोणाचाच असा हक्क उरत नाहीं. ती घेणारास कोणीही हरकत घेऊं शकत नाहीं. पण कायदा जेथें गप्प बसतो तेथें रीत बोलूं लागते. आणि या बाबतींत आम्हां मराठी मंडळींस एक फार सुंदर रीत ठाऊक होती.

काकांच्या कपाटांत संगीत नाटकांचीं जुनीं पुस्तकें आहेत. त्यांतील दोन-चार आम्हीं मागून घेतलीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालचें, 'सौभद्र' १८८२ चें. तेव्हांपासून नाटकाच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एक ओळ येऊं लागली. हें पद कोणत्या गाण्याच्या चालीवर रचिलें, तें गाणें लावणी असो, कीर्तनांतलें असो, कानडी असो कीं उत्तरेकडची चीज असो, त्याचे आरंभींचे शब्द तेथें निःसंकोचपणें छापलेले असत. उसनें घेतलें तें उसनें म्हणून सांगण्यांत नाटककारास कमीपणा वाटला नाहीं आणि प्रेक्षकांच्या आनंदांतही तिळमात्र उणीव आली नाहीं. १९११ च्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं. घराण्यांच्या चिजा या मार्गानें आमच्या माजघरांपर्यंत आल्या. ज्या स्त्रियांस मैफलींत बसण्याची सोय नव्हती, त्यांनीं यमन आणि बिहाग नाट्यपदांतूनच ओळखले. उसनवारीनें संगीत भ्रष्ट होत नाहीं. उलट तें घरोघर पोंचतें, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

१९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' निघाला. त्या पहिल्या मराठी बोलपटाचें संगीत टेंब्यांचेंच, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. चालींची परंपरा रंगभूमीवरून पडद्यावर आली ती अशी, एकाच माणसाच्या हातून. पण येतांना एक वस्तु वाटेंत गळाली : पदाच्या माथ्यावरची ती 'चाल' ही ओळ. चित्रपटाच्या आरंभीं संगीतकाराचें नांव झळकतें, गीतकाराचें झळकतें. अमुक गाणें अमुक चिजेवरून घेतलें, हें सांगण्याची रीत मात्र तेथें पडली नाहीं.

चित्रपटानें जुन्या गाण्याची सेवाच केल्याचीं उदाहरणेंही आहेत, तीं न सांगणें अन्यायाचें होईल. १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'मध्यें सैगलांनीं गाइलेली भैरवींतील ठुमरी वाजिद अली शहाच्या नांवाशीं जोडलेली म्हणूनच लोक ऐकतात. तेथें जुन्याची ओळख पुसली गेली नाहीं, उलट वाढली. १९५२ च्या 'बैजू बावरा'त देशी रागाची जुगलबंदी नौशादांनीं गाऊन घेतली ती अमीर खां आणि विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय पलुसकर यांच्याकडून. गवई स्वतःच पडद्यामागें उभे राहिल्यावर गाणें कोठलें हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. १९७१ च्या 'गुड्डी'त वाणी जयराम यांनीं गाइलेल्या 'बोले रे पपीहरा'चे संगीतकार वसंत देसाई. त्याचे आरंभींचे शब्द आणि मियां-मल्हार राग हे दोन्ही एका जुन्या ख्यालाचे आहेत. जाणत्यांस तें ठाऊक आहे, इतरांस नाहीं. आणि सारी अडचण आहे ती या 'इतरां'चीच. मूळ सांगितलें नाहीं म्हणजे संगीतकाराचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें पन्नास-साठ वर्षांनीं, जेव्हां उसनें घेणारा लोकांच्या कानांत मालक ठरतो आणि मूळ चीज म्हणणारी पोर नकलाकार ठरते.

आम्ही हें बोलत असतां काका उठले आणि आंतून लाल कापडांत बांधलेली एक वही घेऊन आले. ही त्यांच्या मातोश्रींची. त्या माहेरीं नाशिकास गाणें शिकल्या आणि १९३८ सालीं लग्न होऊन विंचुरास आल्या, तेव्हां ही वही त्यांच्या पेटींत होती. म्हणजे दोन्ही चित्रपटांच्या पुष्कळ आधींची. प्रत्येक पानावर राग, ताल, मग 'कोणाकडून' आणि त्याखालीं 'कोणाची' असे रकाने सुबक अक्षरांत आंखलेले. गौडमल्हाराचें पान काकांनीं विजयी मुद्रेनें आमच्यापुढें धरलें. 'कोणाकडून' या रकान्यांत 'गुरुजींकडून' असें लिहिलें होतें. 'कोणाची' हा रकाना कोरा होता.

काका बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या आईलाही ठाऊक नव्हतं."

"मग तुम्ही तरी 'आपली चीज, आपली चीज' म्हणून कशाला भांडतां?" काकू म्हणाल्या. "ज्याची होती त्याचं नांव आपल्याही घरीं नाहीं. तुम्हांलाही ती उसनीच मिळाली!"

काकूंनीं दिलेला हा निकाल आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. चीज रोशन यांची नव्हे, तशी ती विंचूरच्या या वाड्याचीही नव्हे. दोघांसही ती मिळाली. एकानें ती लाखों लोकांपुढें मांडली, दुसऱ्यानें ती एका नातीच्या गळ्यांत घातली. दोन्ही कामें चांगलींच. फरक इतकाच कीं, काकांच्या मातोश्रींनीं 'कोणाकडून' हें लिहून ठेविलें आणि जेथें माहीत नव्हतें तेथें जागा कोरी सोडली, स्वतःचें नांव घातलें नाहीं. हा प्रामाणिकपणा पडद्यावर दिसला असता तर त्या परीक्षकाच्या तोंडीं तो प्रश्न आला नसता. त्या गृहस्थांसही आम्ही फारसा दोष देत नाहीं. त्यांनीं जें पहिल्यानें ऐकिलें तेंच त्यांस मूळ वाटलें. माणसाच्या कानाची ही रीतच आहे. मात्र परीक्षकाच्या आसनावर बसणारानें लहान मुलीस चारचौघांत हंसण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा, एवढी अपेक्षा अयोग्य नव्हे.

आतां दारांतील चाहूल पुढें आली होती. मुलगी आजोबांच्या शेजारीं येऊन बसली आणि तिनें वही मांडीवर घेतली. पुष्कळ वेळ ती पान वाचीत होती. मग तिनें विचारलें, "आजोबा, खाली जागा आहे. मी लिहूं?" काकांनीं मान हलविली. तिनें पेन आणून 'गुरुजींकडून' या शब्दांखालीं एकाखालीं एक लिहिलें : 'पणजीकडून आजोबांस. आजोबांकडून मला.' त्याखालीं, 'चित्रपटांत : १९५१ व १९६०, संगीतकार रोशन.' 'कोणाची' हा रकाना तिनें कोराच ठेविला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हांस जाग आली ती तंबोऱ्याच्या जुळणीनें. रात्रीच्या दमट हवेनें तारा उतरल्या होत्या; खुंट्या पिळण्याचा करकर आवाज आणि मधूनमधून काकांचें "अजून थोडा वर" ऐकूं येत होतें. काकू चहाचें आधण ठेवून ओसरीच्या कडेला तांदूळ निवडीत बसल्या होत्या. 'म रे प' अशी ती पहिली उडी ऐकूं आली तेव्हां त्यांनीं वर पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुन्हां सुपांत लक्ष घातलें.

परतीच्या वाटेवर लासलगांवकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आमच्या मनांत मात्र त्या वहीचे रकानेच होते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशा वह्या असतील : चिजांच्या, ओव्यांच्या, आरत्यांच्या, मंगळागौरीच्या गाण्यांच्या. ज्या आजीकडून, ज्या मावशीकडून, ज्या गुरुजींकडून एखादें गाणें आलें, त्यांचें नांव त्या पानावर असूं द्या. ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा. सिनेमानें मोडलेली ती जुनी रीत निदान आपापल्या घरांत चालू ठेवणें आपल्या हातचें आहे.